दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

सोलापूर,
रविवार, ११ मार्च १९७९

चि. सिद्धाराम यास मल्लिकार्जुनमामाचे आशीर्वाद.

तुझं कार्ड गुरुवारी पोचलं. अक्कानं ते पदराखाली झाकून माझ्या घरी आणलं, वाटेत कुणी वाचून घेईल अशा धास्तीनं. इकडे भावजींचा गुडघा दुखतो, पण मागावर उभं राहणं काही सोडत नाहीत. वीजकपातीमुळे चारही माग एकदम चालले असा दिवस या महिन्यात आलेला नाही. ऊन आत्ताच टोचायला लागलंय. परवा होळी.

तुला ऐकण्याचं यंत्र मिळालं, ते उजव्या कानाला बसलं, हे वाक्य अक्कानं माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

"यंतर म्हंजे केवढं रं, मल्लू?"

"डबी खिशात, तिची वायर कानात."

"म्हंजे रेडिओच की." मग म्हणाली, "आता त्याला माजा आवाज कसा वाटंल? म्हातारीचा वाटंल न्हवं?"

मी म्हणालो, वाटला तर वाटला. ती हसली, आणि डोळे पुसत पुसत चहा टाकायला गेली.

तुझं पुढचं लिहिणं इथे पुन्हा उतरवतो. एखादी गोष्ट स्वतःच्या हातानं लिहिल्याशिवाय मला नीट कळत नाही, हे तुला माहीत आहे. तू लिहिलंयस: "मामा, सरकारी छापखान्यात खिळे जुळवायच्या कामावर माझी निवड झाली आहे. फक्त शाळेच्या दाखल्यावर अडलं आहे. साहेबांनी विचारलं, 'हाक मारली असता दुर्लक्ष करतो' म्हणजे काय? मी म्हणालो, खरंच आहे साहेब, ऐकूच येत नव्हतं. ते हसले. पण शाळेची लेखी दुरुस्ती २६ तारखेपर्यंत आणा म्हणाले, नाहीतर पुढचं नाव घेतील."

तो शेरा कुणी लिहिला हे तू लिहिलं नाहीस. दाखल्याखाली सही हेडमास्तरांची आहे, पण अक्षर ओळखणं हा तुझा धंदाच झालाय, तेव्हा तुला ते कळलं असणारच. आठवीचा वर्गशिक्षक म्हणून वर्तणुकीच्या रकान्यात इतर सगळ्या मुलांसाठी मी 'चांगली' एवढा एकच शब्द लिहीत असे. तुझ्यासाठी अख्खं वाक्य लिहिलं: 'उद्धट, हाक मारली असता दुर्लक्ष करतो.' रकान्यात मावेना म्हणून अक्षर बारीक केलं. त्यावेळी मला वाटलं होतं, सख्ख्या भाच्यालाही सूट न देणारा शिक्षक आपण आहोत.

ती दुरुस्ती मी करून घेणार. २६ पर्यंत. यात तू काळजी करण्यासारखं काहीही ठेवणार नाही.

आता कार्डातलं शेवटचं वाक्य. "ती गार्डसाहेबाकडून आलेली रेकॉर्ड आईकडं कुठं असली तर बघा, यंत्र लावून एकदा ऐकायची आहे." हे वाक्य मी अक्काला वाचून दाखवलं नाही. ती म्हणाली, "येवढंच?" मी म्हणालो, "एवढंच." जिला वाचता येत नाही तिच्यासमोर एक ओळ गाळणं किती सोपं असतं, हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं.

रेकॉर्ड अक्काकडे नाही. तुझ्याकडून काढून घेतल्यावर मी तुला सांगितलं होतं की ती गार्डाला परत करून आलो. तो रेल्वेचा गार्ड तर त्याआधी चार महिने बदली होऊन दौंडला गेला होता. जाताना सामान विकायला काढलं, म्हणून तर भावजींनी त्याच्याकडून ग्रामोफोन घेतला, कानडी वचनं ऐकायला, आणि त्यासोबत ही तबकडी गळ्यात पडली. तुला हे सगळं ठाऊक होतं. तरी मी परत केली म्हणालो तेव्हा तू मान डोलावलीस. रेकॉर्ड माझ्या ट्रंकेत आहे, १९७२ च्या डायरीखाली. सहा वर्षं तिथेच आहे. मोडली नाही, छापील कव्हराची वस्तू मोडायला माझा हात धजत नाही, याला सद्‌गुण म्हणावं की नाही मला माहीत नाही.

आज ती बाहेर काढली. कव्हरावर ते पाच केसाळ विलायती गडी आणि मागे धूर ओकणारं धुराडं. भावजींनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं होतं, "हे कुटल्या मठाचे म्हणायचे?" आणि तू तेरा वर्षांचा पोर म्हणाला होतास, "मठाचे न्हाईत आप्पा, गिरणीचे हायत. ते बघा की धुराडं."

तुझ्याकडे पाठवण्याआधी ती मी दोन्ही बाजूंनी पूर्ण ऐकणार आहे. एकदाही पुरती न ऐकता मी तिच्यावर निकाल दिला होता, म्हणून. त्या रविवारी जे झालं त्याबद्दल आज लिहीत नाही. दाखल्याचं काम आधी.

तुझा मामा,
मल्लिकार्जुन

* * *

सोलापूर,
शुक्रवार, १६ मार्च १९७९

चि. सिद्धाराम यास आशीर्वाद.

आधी दाखल्याचं सांगतो. मंगळवारी हेडमास्तरांना भेटलो. ते म्हणाले, "त्यात काय, सर? नवा दाखला देऊ, 'चांगली' लिहू. कोण बघतंय?" मी म्हणालो, छापखानेवाल्यांनी टपालानं चौकशी केली तर शाळेच्या रजिस्टरात जुना शेरा तसाच निघेल, आणि मुलगा खोटा दाखला आणणारा ठरेल. मग ते म्हणाले, रजिस्टरात दुरुस्ती करायची तर ज्यानं शेरा लिहिला त्यानं चूक कशी झाली ते कारणासह लेखी द्यावं लागेल, संचालक मंडळासमोर ठेवावं लागेल. बैठक बुधवारी, २१ ला. मी लिहून देतो म्हणालो. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. जूनपासून पर्यवेक्षकाची जागा रिकामी होतेय, आणि ती मला मिळावी असं त्यांच्या मनात आहे, हे आम्हां दोघांनाही माहीत होतं.

आता रेकॉर्ड.

भावजींचा ग्रामोफोन केव्हाच बंद पडला. त्याच्या पेटीत अक्का आता तूरडाळ ठेवते. म्हणून मी तबकडी पिशवीत घालून नवी पेठेत रावसाहेबाच्या दुकानी गेलो. हा करमाळ्याकडचा, लग्नकार्याला लाउडस्पीकर भाड्यानं देतो. माझाच विद्यार्थी, इंग्रजीत तीनदा नापास झालेला. त्यानं कव्हर उलटसुलट पाहिलं.

"सर, तुमी? आन् हे?"

"मीच. लाव."

"कुणाचं लगीन मोडायचं हाय का?"

सुई टेकली आणि समोरच्या पानवाल्यानं मान वर केली. मी इंग्रजी शिकवतो, सिद्धा. पहिल्या गाण्यातलं एक वाक्यसुद्धा मला कळलं नाही. दुसऱ्यात 'आग' आणि 'घर' असे दोन शब्द हाती लागले. चौथ्यात व्होल्टेज उतरलं, तेव्हा ते पाचही जण एकदम म्हातारे होऊन रेकू लागले. रावसाहेब म्हणाला, "सर, हे गणपतीत लावलं तर देव इसर्जनाची वाट न बघता उटून जाईल की." घरी येऊन डायरीत लिहिलं: 'गोंगाट. मत बदलण्याजोगं काही आढळलं नाही.'

पण एकदा ऐकून निकाल द्यायचा नाही असं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. त्या दिवशी जाणवलं की गोंगाटाखाली शिस्त आहे. ढोल नेमक्या जागी परत येतो, न चुकता. मागावर धोटा इकडून तिकडे जातो आणि फणी आपटते, तसा. तू कव्हरावरचं धुराडं बघून त्यांना गिरणीचे म्हणालास ते मी गंमत समजलो होतो.

तिसऱ्या दिवशी अक्काच्या वातींच्या डब्यातून कापूस नेला. तेलात भिजवून दोन्ही कानांत घट्ट बसवला, वरून बोटं दाबली. रावसाहेबाचे ओठ हलताना दिसले. काय म्हणाला ते त्यानं नंतर सांगितलं: "कापूस घालून गाणं ऐकणारं गिऱ्हाईक पैलंच बघतुय."

गाणारा नाहीसा झाला. वरच्या तारांचं कर्कश वाजणं डासाएवढं उरलं. पण ढोल, आणि ती एक जाड खर्जातली तार, दोन्ही टेबलातून, खुर्चीतून, बरगड्यांतून आत आली. मी तळवा स्पीकरच्या लाकडी पेटीवर ठेवला. हाताला गाणं कळत होतं. एवढ्या मोठ्या बाजारातून, रिक्षा, सायकलच्या घंट्या, माणसं, सगळ्यांतून माझ्यापर्यंत तेवढंच पोचत होतं. आणि मला तू दिसलास, मागाच्या खोलीत ग्रामोफोन ठेवलेल्या पत्र्याच्या पेटीला पाठ लावून, दोन्ही तळवे फरशीवर टेकून बसलेला. त्या बसण्याला मी डायरीत 'माजोरी बैठक' म्हटलं आहे.

पुढे दुसरी बाजू लावली. दोन गाणी झाली आणि सगळं थांबलं. मला वाटलं वीज गेली. रावसाहेबानं बोटानं दाखवलं, तबकडी फिरतेय, सुई चालतेय. मी कापूस काढला. एकच माणूस गात होता, जवळजवळ पुटपुटत, सोबत एक तार छेडलेली. ढोल नाही, खर्ज नाही. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं. त्याच्या पुढच्या गाण्याच्या सुरुवातीला, सुई पुन्हा पुन्हा टाकून, तबकडीवर पांढरा ओरखडा पडलेला आहे. तो तुझ्या हातचा.

माझ्या डायरीत २० ऑक्टोबर १९७२ ला हे आहे: 'त्या तबकडीवरचं एकच शांत, सुरेल गाणं सि. दर वेळी सुई उचलून वगळतो आणि पुन्हा धुमाकुळाकडे जातो. रुची कशी बिघडत जाते याचा नमुना. वर्गात सांगण्याजोगं.' वर्गात सांगितलंही. नाव घेतलं नाही. तू पहिल्या बाकावर बसून माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होतास, आणि मला वाटलं होतं, बघा, किती निर्ढावलेला आहे.

तुला ते गाणं नसल्यासारखंच होतं. रिकामी जागा आली की माणूस पुढे जातो, तसा तू पुढे जायचास. कुणीही विचारलं असतं, "हे का सोडतोस रे?" तर तू सांगितलं असतंस, "तितं काय वाजतच न्हाई की मामा." मी विचारलं नाही. मी नोंद केली.

घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, हे मी स्वतःला तीन दिवस विचारतोय. अक्काला आणि भावजींना मी दोष देत नाही. तुमच्या घरात कान वापरतं कोण? चार माग धडधडत असताना भावजी पलीकडून ओठ हलवतात आणि अक्का इकडून समजते. दोन बोटं ओठाला लावली की चहा, अंगठा मागे केला की सुताच्या कांड्या संपल्या, कपाळाला मूठ लावली की व्यापारी आला. तू रांगायला लागल्यापासून ओठ वाचत होतास. घरात तू कधी बहिरा नव्हतासच. बहिरा झालास तो माझ्या वर्गात, मी फळ्याकडे तोंड करून शब्द सांगायला लागलो तेव्हा. समोर उभं करून विचारलं की तुला सगळं येत असे, पाठ वळली की काही नाही. यावरून मी निष्कर्ष काढला की मुलगा ढोंगी आहे.

हे लिहून हलकं वाटतंय, आणि म्हणूनच मला शंका येते. जे तुला आधीच माहीत आहे तेच मी मोठ्या प्रामाणिकपणे लिहितोय का? तुला माहीत नाही असंही एक आहे. ते मी आज दोनदा लिहायला घेतलं. लिहिलं नाही. बैठकीच्या आधी लिहायचं की नंतर, याचा विचार करतोय, असं स्वतःला सांगतोय.

तुझा मामा,
मल्लिकार्जुन

* * *

सोलापूर,
गुरुवार, २२ मार्च १९७९

सिद्धाराम,

दुरुस्त दाखला झाला. त्यावर तांबड्या शाईत दुरुस्तीची नोंद, हेडमास्तरांची सही, शाळेचा शिक्का, सोबत मंडळाच्या ठरावाची नक्कल. सगळं मी दोनदा तपासलं आहे. अक्का शनिवारी सकाळच्या गाडीनं निघते, दुपारी पुण्यात. सोमवारी तू तो साहेबांपुढे ठेव. पोस्टानं पाठवणार होतो, ती म्हणाली, "पोष्टाचं काय खरं न्हाई. मी जाते. आन् त्याला माजा आवाज मीच ऐकवणार." रेकॉर्डही तिच्याचकडे दिली आहे, चादरीत गुंडाळून.

आता ते राहिलेलं.

१६ नोव्हेंबर १९७२ ला शाळेत आरोग्य तपासणी झाली होती. प्रत्येक मुलाचं एक पिवळं कार्ड. तुझ्या कार्डावर डॉक्टरांनी लिहिलं होतं: 'डावा कान वाहतो. ऐकू कमी येते. सिव्हिल हॉस्पिटलला ताबडतोब पाठवावे.' त्याखाली माझ्या अक्षरात आहे: 'पाहिले. पालकांस कळवले.' आणि सही.

कळवलं नव्हतं. आमच्याकडे रीत अशी की वर्गाची सगळी कार्डं एका बैठकीत सही करून ऑफिसात द्यायची, कळवायचं मागाहून. अठ्ठेचाळीस कार्डांवर मी तेच तीन शब्द लिहिले. तुझं कार्ड वाचलं तेव्हा मनात आलं, याचे पालक म्हणजे आपली अक्काच, संध्याकाळी जाताना सांगू. संध्याकाळी गेलोही होतो. त्या वर्षी दुष्काळ, सूत मिळेना, दोन माग बंद पडलेले, भावजी त्याच काळजीत होते. तासभर तेच बोलणं झालं आणि मी उठून आलो. दुसऱ्या दिवशी वाटलं, कान कुणाचा वाहत नाही? गरम तेल घालतील. तिसऱ्या दिवशी काही वाटलं नाही.

'परवा रजिस्टर शोधताना मला हे कार्ड सापडलं' असं मी पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं. ते खोडलं. कार्ड शोधायला मी मुद्दाम गेलो होतो. ते तिथे आहे हे मला सहा वर्षं माहीत होतं.

३ डिसेंबर, रविवार. डायरीतलं जसंच्या तसं देतो: 'दुपारी अक्काकडे. माग बंद. सि. तबकडी पूर्ण आवाजात लावून बसलेला. दारातून तीन हाका मारल्या. वळूनही पाहिलं नाही. मागून जाऊन कानशिलात दिली. वर विचारतो, मामा कवा आलासा? इतका निर्लज्जपणा. तबकडी जप्त.'

डावं कानशील. मागून. सतरा दिवसांपूर्वी मी त्याच कानाविषयी वाचून सही केली होती. मारलेलं तुला माहीत आहे. वाचलेलं माहीत नव्हतं. ते आता सांगितलं.

पडदा आधीच गेला होता की माझ्या हातानं गेला, हे आज कुठलाही डॉक्टर सांगू शकणार नाही. मी चौकशी केली. ते कळणार नाही, या वाक्याच्या आडोशाला मी पुष्कळ दिवस बसलो. आता बसणार नाही. माझ्या हातानं गेला असं धरून मी पुढचं आयुष्य काढणार.

मंगळवारी अक्काला सांगितलं. आधी ती गाळलेली ओळ वाचून दाखवली, मग कार्ड, मग डायरी. भावजी मागावर होते. ती तांदूळ निवडत होती. तिनं हात थांबवला नाही.

"मल्लू, त्या रातीला त्येच्या उशीवर डाग हुता. रगताचा. मी धुतला."

"मला का नाही सांगितलंस?"

"कुणाला सांगू? तू मास्तर. शिकल्याला. तू मारलंस म्हंजे त्येनं कायतरी केलंच आसंल, आसं वाटलं." मग म्हणाली, "त्येला इचारलं बी न्हाई मी. पोरगं बोललं न्हाई, मी इचारलं न्हाई."

मी बोलायला लागलो. अक्का फार चिडली की कानडीत जाते. "साकु," म्हणाली. पुरे. "रडायचं आसंल तर घरी जाऊन रड. कागुद कवा हातात येतुय ते सांग."

म्हणून मी घरी गेलो आणि मंडळाला द्यायचं निवेदन पूर्ण केलं. दीड पान. शेरा चुकीचा होता, कारण मुलगा हाक ऐकू शकत नव्हता. हे वर्गशिक्षकाला तपासणी कार्डावरून माहीत होतं. त्यानं पालकांस कळवलं नाही, आणि कळवल्याची सही केली. हेडमास्तरांनी वाचून कपाळाला हात लावला.

"सर, कार्ड जोडू नका. 'गैरसमजातून शेरा दिला' एवढं पुरे. मुलाचं काम होतंय ना? कार्ड जोडलंत की प्रश्न मुलाच्या वर्तणुकीचा राहत नाही, तुमच्या वर्तणुकीचा होतो."

"तो माझ्याच वर्तणुकीचा आहे," मी म्हणालो.

"पर्यवेक्षकपद?"

"ते दुसऱ्या कुणाला द्या."

सिद्धा, हे संवाद मी इथे का लिहितोय? तुला कळावं म्हणून, की मी कसा ठामपणे बोललो हे कुणीतरी वाचावं म्हणून? दोन्ही असेल. खोडत नाही, कारण खोडलं तर बैठकीत काय झालं ते तुला समजणार नाही. कार्ड नसतं तर गैरसमज या एका शब्दावर ते मोकळे झाले असते, आणि उद्या तुझ्या साहेबांनी विचारलं असतं, गैरसमज कसला? आता कागदच सांगतो. मंडळात एक जण म्हणाले, "एवढं सगळं उकरायची काय गरज होती, मास्तर?" मी म्हणालो, मुलगा सहा वर्षं उद्धट म्हणून वावरतोय. ठराव झाला. माझ्या सेवापुस्तकात ताशेरा जाईल. पर्यवेक्षकपद गेलं. पगार चालू आहे, वर्ग आहे.

आणखी एक केलं. या वर्षीची शाळेतली सगळी पिवळी कार्डं मी आज घेऊन बसलो. अकरा कार्डांवर 'हॉस्पिटलला पाठवावे' आहे. अकराही कार्डांखाली 'पालकांस कळवले' आहे. निरनिराळ्या शिक्षकांच्या अक्षरात. उद्यापासून शाळा सुटल्यावर रोज दोन घरी जायचं ठरवलं आहे. साखरपेठेतली सहा घरं मागाची आहेत. तिथे दारातून हाक मारून उपयोग नाही, आत जाऊन समोर उभं राहूनच सांगावं लागेल. एका मुलीच्या बापाला आज शाळेच्या फाटकाशी गाठलं. तो म्हणाला, "पोरगी ऐकत न्हाई, हट्टी हाय." मी त्याला शनिवारी सिव्हिलमध्ये बोलावलंय. आला नाही तर घरून घेऊन जाईन.

'मला क्षमा कर' असं मी या पत्रात तीन ठिकाणी लिहिलं होतं, तिन्ही ठिकाणी काढून टाकलं. मामानं भाच्याजवळ, मास्तरानं विद्यार्थ्याजवळ क्षमा मागितली तर त्यानं नाही म्हणायचं कसं? तू तर मी गार्डाला रेकॉर्ड परत केली म्हणालो तेव्हाही मान डोलावलीस. या वेळी डोलावू नकोस. तुला काय वाटतं ते सावकाश ठरव, आणि वाटलं तर लिही. नाही लिहिलंस तरी २६ तारखेनंतर काय झालं तेवढं अक्काकडून मला कळेल, आणि ते मला पुरेल.

मी पुण्याला येत नाही. तू बोलावलंस तर येईन, आणि तुझ्यासमोर, तुला माझे ओठ दिसतील असा बसून, हे सगळं तोंडानं सांगेन.

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहिलेले नाहीत. विसरलो असं समजू नकोस.

मल्लिकार्जुन
वर्गशिक्षक, इयत्ता आठवी ब, १९७२-७३